बंदुकीचा बार आणि कायद्याचा कान

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

अक्कलकोटला माणसं येतात ती स्वामी समर्थांच्या दर्शनाला. वटवृक्षापाशी डोकं टेकवतात, अन्नछत्रात प्रसाद घेतात, आणि गाडीला वेळ असला तर कुणीतरी सांगतं की राजवाड्यातलं शस्त्रागारही पाहून जा. आम्हा गावकऱ्यांचं याच्या उलट असतं. घरी पाहुणा आल्याशिवाय आमची पावलं तिकडं वळत नाहीत.

मागं धाकट्या बहिणीचा मुलगा सुट्टीला आला होता. सहावीतला पोरगा, सोलापुरात वाढलेला. त्याला घेऊन गेलो. तलवारी, भाले, कट्यारी, ढाली बघत बघत तो बंदुकांपाशी आला. पुरुषभर उंचीच्या त्या नळ्यांकडं थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मामू, इसका सायलेन्सर किधर है?”

मी हसलो. पण मंडळी, लहान मुलांच्या प्रश्नाला हसून वेळ मारून नेली की तो प्रश्न आपल्याच घरी मुक्कामाला येतो. माझा हत्यारांशी संबंध शब्दांपुरता. कवितेत कुठं तलवार आली तर आली, तीही बोथट. बी.ए.ला इतिहास होता तेवढ्या भांडवलावर मी या प्रश्नाच्या मागं लागलो. आणि शेवटी जिथं पोचलो ती जागा मला अगदी अनपेक्षित होती.

आधी त्या जुन्या बंदुकांचं सांगतो. ठासणीची बंदूक म्हणजे सगळा सावकाशीचा मामला. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजानं ठासायची. तोड्याची बंदूक असेल तर जळती जामगी रंजकाला लावायची. मग धूर, जाळ आणि दणका. या दणक्याला लपवायचं कुणाच्या मनातही नव्हतं. उलट अर्धी लढाई त्या दणक्यावरच जिंकली जाई. घोडी बुजायची, नवखा शिपाई पाय काढायचा. आपल्या भाषेनं बंदूक उडण्याला शब्द दिला तोच मुळी ‘बार’. बंदूक म्हणजे बार आणि बार म्हणजे आवाज. आवाज न करणाऱ्या बाराला आपण ‘फुसका’ म्हणतो, आणि ही शिवी आहे हे सांगायला नको.

आमचं संस्थान तर अशाच एका चकमकीतून जन्माला आलं. 1707 साली मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज दक्षिणेत येत होते. वाटेत पारद गावाशी झटापट झाली, गावचा पाटील राणोजीचा बाप त्यात पडला. त्याच्या विधवेनं लेकराला महाराजांच्या पायावर घातलं. महाराजांनी त्या मुलाला पदरात घेतलं, पहिली फत्ते झाली म्हणून त्याचं नाव ठेवलं फत्तेसिंह. लोखंड्यांचा राणोजी भोसले झाला आणि पुढं अक्कलकोटचा राजा. ज्या हातांनी बाप मारला त्याच हातांनी मुलाला राज्य दिलं. इतिहासात असले हिशेब असतात.

पुढं इंग्रजांच्या राज्यात तर राजाचा मान तोफांच्या आवाजावर मोजला जाऊ लागला. हैदराबादच्या निजामाला 21 तोफांची सलामी. कोल्हापूरला 19. सावंतवाडीला 9. आमचं अक्कलकोट मात्र बिनसलामीचं संस्थान. आता ही गंमत बघा. ज्या गावात एवढं नामांकित शस्त्रागार, त्या गावच्या राजाच्या वाट्याला सरकारी हिशेबात एकही बार नाही. आवाज कुणी करायचा, कुणासाठी करायचा आणि किती करायचा, हे त्या काळातही वरूनच ठरत होतं.

अक्कलकोटात 1878 हे साल सगळ्यांना पाठ असतं, कारण स्वामींनी त्या वर्षी चैत्रात समाधी घेतली. त्याच साली, समाधीच्या जेमतेम दीड महिना आधी, लॉर्ड लिटनच्या सरकारनं दोन कायदे एकापाठोपाठ एक केले. मार्चच्या 14 तारखेला देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदा आला. लगेच दुसऱ्या दिवशी शस्त्रांचा कायदा मंजूर झाला. पहिल्या कायद्यातून निसटण्यासाठी कलकत्त्याची अमृत बझार पत्रिका रातोरात बंगालीची इंग्रजी झाली, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. दुसऱ्या कायद्यानं हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू केला आणि युरोपियन साहेबाला त्यातून मोकळं ठेवलं. त्यात बंदुका आल्या, तलवारी, संगिनी, भाले आले, धनुष्यबाण आले, तोफा आल्या. वर्तमानपत्राचा कायदा रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं चालू राहिला.

या कायद्यात माझ्या भाच्याचा सायलेन्सर नाही. असणार कसा? तो अजून जन्मालाच यायचा होता.

त्याचा जन्म 1909 सालचा, आणि जन्माची हकीकत एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम नावाचा एक अमेरिकन माणूस लंडनमध्ये जाऊन राहिला होता. 1884 च्या सुमारास त्यानं एक बंदूक बनवली, जी स्वतःच्याच धक्क्याच्या जोरावर पुन्हा भरली जाई आणि घोडा दाबून ठेवाल तोवर गोळ्या ओकत राही. हीच ती मॅक्सिम गन. 1898 साली सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत तिनं माणसं गवतासारखी कापली. मॅक्सिमला ‘सर’ ही पदवी मिळाली, पैसा मिळाला. आणि आयुष्यभर बंदुकांच्या शेजारी उभं राहून त्याचे कान गेले. म्हातारपणी तो ठार बहिरा होता.

त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम अमेरिकेतच राहिलेला. तोही इंजिनिअर. नहाणीतलं पाणी गोल फिरत मोरीत जाताना बघून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. नळीतून सुटणारा वायू असाच फिरवत फिरवत, थोपवत सोडला तर? 30 मार्च 1909 ला त्याला या साधनाचं पेटंट मिळालं. बापानं जगातली सगळ्यात गोंगाटी बंदूक केली आणि बहिरा झाला. मुलानं बंदुकीला तोंड मिटायला शिकवलं. याच पोरानं पुढं 1914 साली अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. म्हणजे एका हातानं आवाज दाबला, दुसऱ्या हातानं आवाज आभाळात सोडला. आकाशवाणीवर बोलताना या माणसाचं हे देणं मान्य करायलाच हवं.

त्या बहिऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट वाचताना मला आमचे चाचा आठवले. वडिलांचे धाकटे भाऊ. गावाबाहेरच्या दगडखाणीत वडार मंडळींबरोबर सुरुंगाच्या कामावर होते. भोक पाडायचं, दारू भरायची, वात पेटवायची आणि पळायचं. कानात घालायला काय, तर गमछ्याचं टोक. चाळिशी उलटायच्या आत त्यांना नीट ऐकू येईना. मशिदीत नमाजाला उभे राहिले की शेजारचा वाकला म्हणजे ते वाकायचे. आमच्या घरात दखनी, पेठेत कन्नड आणि शाळेत मराठी. चाचांना तिन्ही भाषा अस्खलित येत. शेवटी शेवटी तिन्ही सारख्याच झाल्या होत्या. त्यांच्या कानांना कुणी जबाबदार आहे, असं त्या काळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

हे साधन काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो, कारण सिनेमानं आपली फार दिशाभूल केली आहे. गोळी सुटते तेव्हा तिच्या मागून अतिशय तापलेला, दाबाखालचा वायू नळीच्या तोंडातून बाहेर उसळतो. सोड्याच्या बाटलीचं बूच उडावं तसं, फक्त हजारो पटींनी. मुख्य दणका तो. सायलेन्सर म्हणजे नळीच्या तोंडाला बसवलेली एक डबी, आत कप्पे कप्पे. वायू त्या कप्प्यांत अडकतो, पसरतो, थंड होतो आणि दमून बाहेर पडतो. पण गोळी आवाजापेक्षा वेगानं जात असेल, म्हणजे सेकंदाला साधारण 340 मीटरच्या पुढं, तर ती हवेत चाबूक ओढल्यासारखा स्वतःचा एक कडाका काढत जाते. त्याच्यावर या डबीचा काहीही इलाज नाही.

म्हणून याची परीक्षा घ्यायची तर ती कानानं घेऊन भागत नाही. अमेरिकी सैन्याच्या मानकात पद्धत ठरलेली आहे. बंदुकीची नळी जमिनीपासून 1.6 मीटर उंचीवर ठेवायची, मायक्रोफोन तिच्या तोंडापासून डावीकडं 1 मीटरवर, तेवढ्याच उंचीवर. एका बारावर विसंबायचं नाही, बरेच बार काढून सरासरी घ्यायची. पहिला बार बहुधा थोडा जास्त वाजतो, कारण डबीत आधीची हवा असते आणि तिच्यात उरलीसुरली दारू भडकते. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलनं 1968 साली या साधनांचं तत्त्व आणि पारख यांवर आख्खा अहवालच काढला होता.

आता आकडे. साधी रायफल नळीच्या तोंडाशी 160 डेसिबलच्या आसपास वाजते. चांगला सायलेन्सर त्यातले 20 ते 35 डेसिबल कमी करतो. डेसिबलचा हिशेब किराण्याच्या वजनासारखा सरळ नसतो. 10 ची घट म्हणजे आवाजाची तीव्रता दहाव्या हिश्श्यावर, 30 ची घट म्हणजे हजाराव्या. हे ऐकून वाटेल की आता उरलं काय? पण 160 मधून 30 गेले तरी 130 उरतात. एका क्षणाच्या दणक्यानं कानाला कायमची इजा होण्याची धोक्याची रेघ साधारण 140 ला मानतात. म्हणजे हे साधन रेघेच्या पलीकडचा आवाज अलीकडं आणतं, एवढंच. सिनेमात खलनायक पिस्तुलाला नळी फिरवून बसवतो आणि ‘थुप’ असा आवाज येतो, शेजारच्या खोलीत पियानो वाजत असतो तो अडखळतही नाही. ते ‘थुप’ बंदुकीतलं नाही, ध्वनिमुद्रकाच्या टेबलावरचं.

असं असेल तर मग कायद्यांनी या डबीची एवढी धास्ती का घेतली? इथं देशोदेशींची तऱ्हा वेगळी निघते. नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड अशा देशांत शिकाऱ्यानं ती लावणं म्हणजे शेजारधर्म समजतात. स्वतःचा कान वाचतो, कुत्र्याचा वाचतो, पलीकडच्या वस्तीची झोप मोडत नाही. अमेरिकेत सुरुवातीला ती दुकानात सहज मिळे. मग 1934 साली, गुंडांच्या टोळ्यांनी शहरं हैराण केल्यावर, तिथल्या संघराज्य सरकारनं मशीनगनबरोबर या डबीचीही नोंदणी सक्तीची केली आणि तिच्यावर 200 डॉलर कर बसवला. डबीची किंमत कराच्या मानानं किरकोळ होती. मॅक्सिमच्या कंपनीनं तर त्याआधीच बंदुकीच्या सायलेन्सरचा नाद सोडून मोटारी आणि इंजिनांचे सायलेन्सर बनवण्यावर भर दिला होता. तो 200 चा आकडा नव्वद वर्षं तसाच राहिला. 2025 साली तिथल्या संसदेनं केलेल्या कायद्यानं 1 जानेवारी 2026 पासून हा कर शून्यावर आणला. नोंदणी मात्र ठेवली.

आणि आपल्याकडं?

स्वतंत्र भारतानं 1878 चा जुना कायदा काढून 1959 साली नवा शस्त्र अधिनियम केला, तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. या कायद्याच्या सुरुवातीला व्याख्या आहेत. ‘अग्निशस्त्र’ म्हणजे काय, तर स्फोटकाच्या किंवा तशाच ऊर्जेच्या जोरावर काहीतरी फेकण्यासाठी बनवलेलं शस्त्र. इथवर ठीक. पण पुढं म्हटलंय की या शब्दात आणखीही काही वस्तू येतात, आणि त्यांतली एक म्हणजे बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करण्यासाठी बनवलेलं किंवा तसं जुळवून घेतलेलं उपसाधन.

मी हे वाक्य दोनतीनदा वाचलं. सायलेन्सर हा बंदुकीचा भाग, असं कायदा म्हणत नाही. सायलेन्सर हीच बंदूक, असं म्हणतो. त्यात गोळी नाही, घोडा नाही, दारू नाही. एकट्यानं तो चिमणीही मारू शकत नाही. तरी परवान्याशिवाय तो जवळ बाळगणं म्हणजे विनापरवाना बंदूक बाळगणं. 1962 च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात शस्त्रांचे वर्ग पाडले होते. त्यात ही डबी शेतकऱ्याच्या बारा बोअरच्या शेजारी नाही, तर .303 सारख्या सैन्याच्या काडतुसांच्या रायफलींच्या पंक्तीला बसवली होती. शिक्षाही बंदुकीचीच. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान 2 वर्षं आणि कमाल 5 वर्षं कैद आहे. बनवण्या-विकण्याला तर त्याहून कितीतरी जास्त.

आणि आता त्याच कायद्याचं कलम 45 बघा. जे हत्यार जुनाट घडणीचं आहे, पुराणवस्तू म्हणून मोलाचं आहे किंवा मोडकं आहे, आणि बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नाही, त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे एकेकाळी माणसं लोळवलेली, पण आता निकामी झालेली पुरुषभर उंचीची बंदूक दिवाणखान्यात टांगली तर ती कायद्याच्या लेखी बंदूक नव्हे. आणि खिशात मावणारी, कधीही कुणाला न मारलेली पोकळ डबी मात्र बंदूक. भाच्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. तो जिथं उभा होता तिथल्या निकामी नळ्यांना कायद्यानं शस्त्रांतून वगळलं होतं, आणि तो जे शोधत होता तेच शस्त्र होतं.

मला आधी हे विचित्र वाटलं. मराठीत तर सायलेन्सर म्हटलं की डोळ्यांपुढं बुलेट येते. तिथं कायदा नेमका उलटा आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 120 प्रमाणं प्रत्येक गाडीला सायलेन्सर असलाच पाहिजे. पोरं तो काढून फटाके फोडणारी नळी बसवतात, आणि मग आपल्या राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलीस तसल्या जप्त नळ्या रस्त्यावर ओळीनं मांडून त्यावरून रोलर फिरवतात. एकच शब्द, एकच तत्त्व. फटफटीवर नसला तर गुन्हा, बंदुकीवर असला तर गुन्हा.

कायदा लिहिणाऱ्यांनी ही व्याख्या ब्रिटनच्या कायद्यावरून उचलली असं म्हणून विषय मिटवता येईल. शब्द खरोखर तिकडच्यासारखेच आहेत. पण मला वाटतं, उसनं घेतलं तरी ते इथल्या मातीत रुजलं, आणि त्याचं कारण शोधायला आम्हा अक्कलकोटकरांना फार लांब जावं लागत नाही. सोलापूर आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर.

1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. 8 मेला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. लोकांनी चौकी जाळली, पोलीसही मारले गेले. 12 मेपासून 30 जूनपर्यंत शहरात लष्करी कायदा होता, गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा ठरलं होतं. पुढं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत, म्हणजे आवाज दाबण्याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. आज सोलापुरात चार पुतळ्यांपाशी रिक्षा थांबते तेव्हा भाडं ठरवण्याच्या नादात वर बघायचं राहून जातं, हे मी माझ्यावरूनच सांगतो.

तर मुद्दा असा, की 8 मेचा गोळीबार पेठांपेठांतल्या माणसांनी कानांनी ऐकला होता. किती वाजता सुरू झाला, कुठल्या बाजूनं आला, किती वेळ चालला, हे कोर्टात कागद होण्याआधी गावाच्या कानात नोंदलं गेलं होतं. बंदूक चालवणारा कोण हे अंधारात दिसत नाही, गल्लीच्या वळणामागं दिसत नाही. पण बार लपत नाही. पंचनाम्यात आपल्याकडं पहिली साक्ष बहुतेक वेळा अशीच असते, ‘आवाज ऐकून बाहेर आलो’. रानात चोरटी शिकार झाली तर वनरक्षकाला वाट दाखवतो तोही आवाजच. नळीला डबी लावणारा माणूस नुसता दणका कमी करत नसतो, तो साक्षीदार कमी करत असतो. आवाज बंदूकवाल्याच्या एकट्याच्या मालकीचा नाही, ज्यांच्या कानावर तो पडायला हवा त्यांचाही त्यात वाटा आहे, असं काहीसं त्या व्याख्येनं ओळखलंय. कायद्याच्या पुस्तकात मला कवितेच्या इतकं जवळचं काही सापडेल असं वाटलं नव्हतं.

याचा अर्थ कायद्याला बंदुकीचा गोंगाट आवडतो असं नव्हे. त्याच 2019 च्या दुरुस्तीनं लग्नात, वरातीत आनंदाच्या भरात हवेत गोळ्या झाडून लोकांचे जीव धोक्यात घालण्यालाही 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड ठेवलाय. म्हणजे बंदुकीनं मुकंही राहायचं नाही आणि नाचायचंही नाही. सैन्याची गोष्ट अर्थातच निराळी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी डी लाइल नावाची जवळजवळ बिनआवाजी कार्बाइन बनवली होती. आपल्या कानपूरच्या कारखान्यातही स्टर्लिंग जातीच्या कार्बाइनचा आवाज दाबलेला प्रकार तयार झाला. राज्यांना मुकी बंदूक लागते. ती नागरिकाच्या हाती नको एवढंच ते ठरवतात, आणि यात पूर्ण न्याय आहे असं काही मला म्हणवत नाही. ज्या गोळीबारांचा हिशेब मागावा लागला त्यातले बरेचसे सरकारी बंदुकांचेच होते. 8 मेचाही होता.

आणि एक रुखरुख राहतेच. बंदुकीचा बार गावानं ऐकावा हे खरं. पण जो बंदुकीच्या शेजारी उभा आहे त्याच्या कानाचं काय? कायद्यानं साक्षीदाराचा कान जपला, तसा कामगाराचा कान जपायला आपल्याला फार उशीर झाला. फटाक्यांसाठी 1999 साली माप ठरलं. फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल, आणि क्षणिक दणक्याच्या दुसऱ्या मापात 145, याच्यापुढं वाजणारा फटाका बनवायचा नाही, विकायचा नाही. मैदानात मायक्रोफोन उभा करून फटाके तपासू लागले. पुढं 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर सविस्तर निकाल दिला. बंदूक आणि फटाका यांची मापं, अंतरं वेगळी, म्हणून सरळ तुलना करता येत नाही. पण एक खरं, की दिवाळीतल्या ॲटमबॉम्बला मायक्रोफोन लागला तेव्हा आमचे चाचा खाणीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या सुरुंगापाशी कुणी मायक्रोफोन घेऊन आलं नाही. कापसाचा बोळासुद्धा नाही.

चाचा दरवर्षी संक्रांतीला सोलापूरला जायचे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याला. नंदीध्वज बघायचे, हुरड्याची चौकशी करायचे आणि किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहायचे. दारूची ओळख असलेला माणूस. कुठला बाण नीट चढला, कुठला ओलीत सापडला हे बरोबर सांगायचे. एका वर्षी मी बरोबर होतो. आभाळात मोठा गोळा फुटला, गर्दीनं कानांवर हात ठेवले. चाचांनी हात ठेवला तो छातीवर. मी खुणेनं विचारलं, काय झालं? म्हणाले, “कुछ नई. इधर सुनाई देता.”